गोव्यातली बेटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूरहून गोव्यात येणारी मंडळी आम्हा पणजीकरांना बेटांबद्दल जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत आमची आवडनिवड डोकावते, तिला इलाज नाही. बीच, शॅक आणि कॅसिनोची माहिती हवी असेल तर ती इतरत्र भरपूर आहे, इथे मिळणार नाही.

गोव्यात बेटं आहेत तरी कुठे?

तुम्ही पणजीत उभे असाल तर जवळपास बेटावरच उभे आहात. तिसवाडी तालुक्याला एका बाजूने मांडवी, दुसऱ्या बाजूने जुवारी आणि मागून दोघींना जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा असा पाण्याचा वेढा आहे. पण लोक ज्यांना बेटं म्हणतात ती दोन प्रकारची. समुद्रातली, म्हणजे वास्कोसमोरचं ग्रांडे, पाळोळ्याचं काणकोण बेट, दक्षिणेला अंजदीव. आणि मांडवीतली, म्हणजे चोडण, दिवाडी, जुवे, कुंभारजुवे.

जाहिरात पहिल्या प्रकाराची होते. आमचं मत विचाराल तर सुट्टीचा अर्धा दिवस पहिल्याला द्या आणि दोन दिवस दुसऱ्याला.

बीचवर जी ‘आयलंड ट्रिप’ विकतात ती काय असते? घ्यावी का?

सिकेरी, कळंगुट, बायणा, बोगमाळो अशा ठिकाणांहून सकाळी बोट निघते. वाटेत डॉल्फिन दाखवतात, ग्रांडे बेटाच्या आडोशाला नांगर टाकतात, लाइफ जॅकेट आणि मास्क घालून पाण्यात सोडतात, गळ टाकून मासे धरायला देतात, जेवण घालतात आणि दुपारी परत आणतात. बहुतेक सहलींत बेटावर फिरणं होतच नाही. फार तर एखाद्या छोट्या किनाऱ्यावर पाय लावायला मिळतात. ‘बेट पाहायचं’ म्हणून गेलात तर हिरमोड होईल. ‘दिवसभर बोटीवर, पाण्यात’ म्हणून गेलात तर मजा येते.

पाण्याबद्दल आधीच सांगतो. अंदमान-लक्षद्वीपचे व्हिडिओ बघून आला असाल तर ते चित्र डोक्यातून काढा. मांडवी आणि जुवारीचा गाळ याच समुद्रात येतो, त्यामुळे पाणी हिरवट असतं आणि चांगल्या दिवशीही काही मीटरच्या पलीकडे दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरं. तरीही खडकांवर माशांचे थवे असतात, आणि बुडालेल्या जुन्या जहाजाचा सांगाडा बघायचा असेल तर ‘सूझीज रेक’ ही जागा इथेच आहे.

पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी तोंडावर विचारून घ्या: बोटीत माणसं किती, पाण्यात किती मिनिटं, फोटो-व्हिडिओचे पैसे वेगळे का, आणि हॉटेलपासून धक्क्यापर्यंतची गाडी धरली आहे का. किनाऱ्यावर हातात कार्ड कोंबणारा माणूस सहसा बोटवाला नसतो, मधला असतो. शक्यतो बोटवाल्याशी किंवा डायव्हिंग सेंटरशीच थेट बोला.

पोहता येत नाही. स्कूबा जमेल?

‘ट्राय डाइव्ह’ नवशिक्यांसाठीच असतो. प्रशिक्षक मागून टाकी धरून तुमच्यासोबत उतरतो आणि १२ मीटरपेक्षा खोल नेत नाही, बहुधा त्याच्या निम्म्यानेही नाही. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर लपवू नका. सर्दी झाली असेल तर सरळ रद्द करा, कारण बंद नाकाने कानातला दाब सोडता येत नाही आणि पडदा दुखावतो.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त झाल्या तर १८ तास मध्ये जाऊ द्यायचे. म्हणजे स्कूबा सहलीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी करा, शेवटच्या सकाळी नाही. रेल्वेने परतणाऱ्यांना ही काळजी नाही, फक्त गाडी घाटातून उंच चढणार नसावी.

डॉल्फिन नक्की दिसतात का?

‘नाही दिसले तर पैसे परत’ म्हणणारे असतात, कारण बहुतेक वेळा दिसतातच. इथे किनाऱ्याजवळ फिरणारे हंपबॅक जातीचे डॉल्फिन आहेत. ते टीव्हीतल्यासारख्या उड्या मारत नाहीत. करडी पाठ वर येते, श्वास घेते, खाली जाते. एकाच जागी पाच-सहा बोटी इंजिन घुमवत त्यांच्या मागे लागलेल्या पाहवत नाहीत. बोटवाल्याला सांगा, इंजिन बंद करून थांब. ऐकतात बहुतेक.

मांडवीतल्या बेटांवर जायचं कसं? फेरीचे किती पैसे?

रायबंदरहून चोडणला, रायबंदरहून आणि जुन्या गोव्याहून दिवाडीला, पोंबुर्फ्याहून चोडणला, आणि डिचोली बाजूच्या नार्व्याहून दिवाडीला सरकारी फेरीबोटी आहेत. पारंपरिक फेरीत पायी माणसाला तिकीट नाही. चारचाकीला थोडे पैसे पडतात. रायबंदर-चोडण मार्गावर आता मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत, त्यांचे दर वेगळे असतात, धक्क्यावर फलक लावलेला असतो तो वाचा.

पहिल्यांदा चढताना गोंधळ उडतो म्हणून सांगतो. फेरी टेकली, लोखंडी फळी खडखडत खाली आली की आधी उतरणाऱ्यांना जाऊ द्यायचं. दुचाक्या झुंडीने सुटतात, त्यांच्या वाटेत उभं राहायचं नाही. धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा असतो, गुळगुळीत तळाच्या चपला घालून फोटो काढत उतरू नका. चारचाकी चढवताना फेरीवरचा माणूस हाताने खुणा करतो, तो सांगेल तितकीच पुढे घ्या, आपली अक्कल चालवू नका. हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. मग बाजूच्या जिन्याने वर जाऊन कठड्याला टेकून उभे राहा.

खरं तर गाडी अलीकडेच ठेवून भाड्याची दुचाकी किंवा सायकल न्यावी हे उत्तम. बेटावरचे रस्ते अरुंद आहेत आणि समोरून बस आली की मागे कोणी जायचं याचा निकाल लागायला वेळ लागतो. दुचाकी भाड्याने घेताना नंबरप्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत ना बघा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवलं तर तासभर तुमचाच जातो.

दिवाडीला काय बघायचं? ‘काहीच नाही’ असं ऐकलं.

ज्याने सांगितलं त्याने चुकीचं नाही सांगितलं. दिवाडीत बीच नाही, बाजार नाही, तिकीट काढून बघायचं काही नाही. म्हणूनच जायचं.

जुन्या गोव्याला चर्च बघून झाली की व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ नदीकडे उतरा. ही कमान व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द गामाने १५९७ च्या सुमारास आपला पणजोबा वास्कोच्या स्मरणार्थ उभारली. पोर्तुगालहून आलेला नवा व्हाइसरॉय याच वाटेने शहरात शिरायचा. तुम्ही उलट्या दिशेने निघा. कमानीपुढेच फेरीचा धक्का आहे.

पलीकडे उतरलं की रस्ता खाजणातून जातो. खाजण म्हणजे नदीकाठची, बांध घालून भरतीच्या पाण्यापासून वाचवलेली सखल शेती. बांधाला जागोजागी ‘मानस’ असते, लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून रेटलं की झडप आपोआप बंद होते, ओहोटीला आतलं पाणी रेटतं तेव्हा उघडते. वीज नाही, यंत्र नाही. पावसाळ्यात आत खारं पाणी सोसणारा कोरगुट भात लावतात, भात निघाल्यावर मासे-कोळंबी धरतात. मानशीजवळ ओहोटीच्या वेळी दहा मिनिटं थांबलात तर झडपेला लावलेल्या जाळ्यात सुंगटं, म्हणजे कोळंबी, उसळताना दिसतील. गोव्यातल्या किती तरी बांधांची डागडुजी आता होत नाही आणि खारं पाणी शेतात शिरून शेती पडीक होते. दिवाडीत अजून हिरवं दिसतं तेवढं बघून घ्या.

पुढे पिएदाद गावाची टेकडी. वर पांढरं चर्च आहे आणि त्याच्या अंगणातून मांडवी, चोडण आणि जुन्या गोव्याचे मनोरे एका नजरेत येतात. शेजारच्या दफनभूमीत एक लहान चॅपल आहे. त्याच्या छतातलं दगडी नक्षीकाम कदंबकाळातल्या देवळाचं आहे असं मानतात. दार उघडं असेल तर आत डोकवा, पण कुणाची प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा.

खाली उतरून गावातून पायी फिरा. जुनी पोर्तुगीज धाटणीची घरं आहेत, पुढे ‘बाल्कांव’ म्हणजे बसायचा कट्टा. काही घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले बसवलेले दिसतील. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या घासून चौकटीत ओवतात. त्यातून येणारा उजेड दुधाळ असतो, उन्हाचा चटका येत नाही. घरं राहती आहेत. फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरून रील काढायची नसते, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं.

सप्तकोटीश्वर दिवाडीत आहे की नार्व्याला?

आज नार्व्याला, डिचोली तालुक्यात. मूळचा दिवाडीचा. गोव्याच्या कदंब राजांचं हे कुलदैवत, त्यांच्या नाण्यांवरही त्याचं नाव यायचं. बहामनी काळात देऊळ मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग भक्तांनी नदीपलीकडे नेलं. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडे गोवा सरकारने डागडुजी करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं केलं. गर्भगृहातलं लिंग आपल्याकडच्या साध्या शाळुंकेसारखं नाही, पैलूदार आहे.

देव ज्या वाटेने गेला त्याच वाटेने जा. पिएदादहून बेटाच्या पलीकडच्या टोकाला, जुन्या नार्व्याला जायचं, तिथे कोटितीर्थाचं तळं आहे. मग फेरीने नदी ओलांडायची, आणि पलीकडे थोड्याच अंतरावर देऊळ. गाडीने डिचोलीहूनही थेट जाता येतं, पण मग निम्मी गोष्ट राहून जाते. या बाजूची फेरी रायबंदरसारखी पाठोपाठ नसते, हाताशी वेळ ठेवून निघा.

चोडणचं पक्षी अभयारण्य कधी बघावं?

ऑक्टोबर ते मार्च, भल्या सकाळी. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली जाहीर झालं. चोडणच्या पश्चिम टोकाला, रायबंदरच्या फेरीतून उतरल्यावर चालत जाण्याइतकं जवळ. आकार १.७८ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानच, आणि सगळी खारफुटी.

बघायचे दोन मार्ग. एक, वन खात्याचं तिकीट काढून आतल्या फरसबंद पायवाटेने. दोन, होडीने खाड्यांतून. दोन्हींना वेगवेगळी वेळ लागते आणि इथेच लोक फसतात. होडी आत शिरायला भरती हवी, नाहीतर ती चिखलात बसते. पायवाटेवरून मात्र ओहोटीलाच जास्त दिसतं, कारण चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला उतरतात. भरतीची वेळ काढायची युक्ती पुढे दिली आहे.

पक्ष्यांत बगळे, पाणकावळे, ब्राह्मणी घार, निरनिराळे खंड्ये. थंडीत काळ्या टोपीचा खंड्या आला तर दुर्बीण शेजाऱ्याला देऊ नका. पण पक्षी नाही दिसला तरी खाली बघा. खारफुटीची श्वसनमुळं चिखलातून वर डोकं काढून उभी असतात, आणि त्यांच्या मधून निवट्या सरपटतात. निवटी हा मासा असून चिखलात परांवर चालतो. डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पंख ताठ उभारतात, तोंड वासतात, आणि बहुतेक वेळा न भांडताच निघून जातात. शेजारी एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवत असतात. पावलाचा आवाज झाला की सगळा चिखल क्षणात रिकामा होतो. पाच मिनिटं स्तब्ध उभं राहिलं की एकेक जण परत बाहेर येतो. लहान मुलांना पक्ष्यांपेक्षा हेच आवडतं.

गडद किंवा मातकट कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे. डास आहेत. ब्लूटूथ स्पीकर गाडीतच ठेवा.

चोडणवरची जुनी देवळं कुठे गेली?

नदीपलीकडे. सोळाव्या शतकात धर्मांतराचा आणि मूर्तिभंजनाचा वरवंटा फिरला तेव्हा बेटांवरचे देव रातोरात होड्यांतून पोर्तुगीज हद्दीबाहेर गेले. चोडणचा देवकीकृष्ण मयेंमार्गे माशेलला आला. कडेवर बाळकृष्ण घेतलेली देवकी असं हे दुर्मीळ देऊळ. दिवाडीचा महागणपती फिरत फिरत खांडोळ्याला स्थिरावला. माशेल-खांडोळा परिसरात म्हणूनच देवळांची इतकी दाटी आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांची कुलदैवतं इथली. दर्शनाला येता तेव्हा देवाचं मूळ गाव कुठलं ते पुजाऱ्यांना विचारा, आणि उरलेल्या दिवसात तिथली फेरी गाठा.

या पाण्यात मगरी आहेत हे खरं का?

खरं. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, गोड्या पाण्यातल्या जातीच्या पण निमखाऱ्या पाण्यात रुळलेल्या. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात, त्या बघायच्या बोटसहलीही निघतात. खाजण शेती करणाऱ्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पूजतात. ‘मांगे थापणी’ म्हणतात त्याला. तुम्ही पूजा नका करू, फक्त कालव्यात पाय सोडून बसू नका.

जुव्याला जाण्यासारखं काय आहे?

इतिहास आणि भेंडी. भेंडी आधी: सांतइस्तेव म्हणजेच जुव्याची भेंडी लांब, फिकट आणि सात शिरांची. म्हापशाच्या बाजारात बायका नाव घेऊन मागतात.

इतिहास असा. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या मूठभर माणसांनी जुव्याचा किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर स्वतः फौज घेऊन चालून आला आणि मार खाऊन कसाबसा निसटला. बखरींत पुढचा प्रसंग येतो: महाराजांनी पाठलागासाठी घोडा खाडीत घातला, भरती चढत होती, खंडो बल्लाळांनी लगाम धरून मागे आणलं. घाबरलेल्या व्हाइसरॉयने जुन्या गोव्यात जाऊन सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला आणि शहर वाचवायची विनवणी केली. मराठ्यांना मागे फिरावं लागलं ते मोगल फौज चाल करून आल्यामुळे.

किल्ल्याचे अवशेष टेकडीवर थोडेच आहेत. पण वर उभं राहिलं की खाडी, खाजण आणि जुनं गोवं किती जवळ होतं ते समजतं. माशेलच्या बाजूने पुलावरून गाडी थेट जाते.

पाळोळ्याला समुद्रातून चालत बेटावर जाता येतं म्हणतात. धोका किती?

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला काणकोण बेट आहे. ओहोटीला मधला पट्टा उथळ होतो आणि घोट्या-गुडघ्याइतक्या पाण्यातून जाता येतं. धोका जाण्यात नाही, परत येण्यात आहे. पलीकडे खडकांवर फोटो काढत बसलं की पाणी कंबरेला येतं, आणि मग खडकाळ तळावर पाय ठरत नाही.

म्हणून वेळ काढायला शिका. कोळ्यांचा जुना हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे १५, गुणिले पाऊण, सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या पुढे. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी दुपारी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, म्हणजे चोडणच्या होडीसाठी उत्तम सकाळ. कालनिर्णय घरोघरी असतंच. हा ठोकताळा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नक्की वेळ फोनवर मुरगाव बंदराच्या टाइड टेबलात बघा.

पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं, पाणी सर्वांत जास्त चढतं आणि सर्वांत जास्त ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. बेटावर चालत जायला उधाणाची ओहोटी हवी. ओहोटीच्या तासभर आधी निघा आणि पाणी पूर्ण ओसरलं की लगेच परत फिरा. पायात सँडल हव्यात, खडकांवरच्या कालवांच्या (शिंपल्यांच्या) कडा ब्लेडसारख्या कापतात. जाण्यापूर्वी जीवरक्षकाला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

अंजदीवला जाता येतं का?

नाही. हे बेट कारवारसमोर आहे पण गोव्याचं आहे, आणि नौदलाच्या ताब्यात. १४९८ मध्ये वास्को द गामा इथे थांबला, १५०५ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. इंग्रजांना मुंबई हुंडा म्हणून मिळाली खरी, पण ताबा मिळेपर्यंत त्यांचे शेकडो सैनिक याच बेटावर वाट बघत रोगाने मेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत इथे उतरताना आपल्या नौदलाचे सात जण कामी आले. ‘बघून आणतो’ म्हणणाऱ्या बोटवाल्याच्या नादी लागू नका.

पावसाळ्यात यावं का?

समुद्रासाठी नाही. सागरी सहली बंद, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी, आणि किनाऱ्यावर लाल बावटे. लाल बावटा म्हणजे पाण्यात जायचं नाही, ‘फक्त पाय भिजवतो’ हाही अपवाद नाही. इतर वेळीही लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधल्या पट्ट्यातच पोहायचं.

नदीतल्या बेटांसाठी मात्र जरूर यावं. खाजणं हिरवीगार, पर्यटक नाहीत, फेऱ्या चालू. फार वादळ असेल तर थांबतात, मग तुम्हीही थांबा. आषाढात माशेलच्या देवकीकृष्णाच्या पटांगणात चिखलकाला असतो, तेल माखलेली माणसं भजनानंतर चिखलात लोळतात आणि पोराबाळांचे खेळ खेळतात. कपडे टाकून द्यायच्या लायकीचे घाला.

बेटांवरचे सण कोणते?

गणेशोत्सवात सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड. दोन होड्या बांधून तरंगता मंच करतात आणि त्यावर पौराणिक प्रसंगांचे देखावे घेऊन गावकरी पाण्यातून फिरतात. काठावर चांगली जागा हवी तर दुपारीच जा.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीच्या पिएदादला बोंदेरां. पोर्तुगीज काळात वाड्यांच्या हद्दीवरून भांडणं व्हायची, सरकारने हद्दीवर झेंडे रोवले, लोकांनी ते पाडले, आणि त्याचाच पुढे उत्सव झाला. मुलं बांबूच्या ‘फोटाश’ नावाच्या पिचकारीवजा बंदुकीतून तिरफळाच्या हिरव्या फळांचा मारा करतात. लागतं बऱ्यापैकी. त्या दिवशी फेरीला रांग मोठी, गाडी नेऊच नका.

जेवायचं काय? आम्ही शाकाहारी आहोत.

बेटांवर खाणावळी मोजक्या. जिथे मिळेल तिथे शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी), तळलेलं मासळीचं काप, किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सोलकढी असं ताट. शाकाहारींनी पणजी, म्हापसा किंवा माशेलच्या साध्या हॉटेलात सकाळी पातळभाजी-पाव आणि बन्स खाऊन निघावं. देवळांजवळच्या खाणावळीत खतखतं, म्हणजे अनेक भाज्यांची एकत्र भाजी, मिळालं तर सोडू नका. पाण्याची बाटली सोबत ठेवा आणि रिकामी परत आणा.

आई-बाबांना आणि लहान मुलांना झेपेल का?

दिवाडी आणि चोडण सहज. धक्क्याच्या उतारावर फक्त हात धरा. ग्रांडेची बोट मात्र लागते. मळमळणाऱ्याला आदल्या रात्री नीट झोप आणि सकाळी कोरडं खाणं बरं. गुडघेदुखीवाल्यांना लहान बोटीत चढणं-उतरणं जड जातं.

मुंबईहून कसं यावं, मुक्काम कुठे?

मांडवीच्या बेटांसाठी मडगावपर्यंत जायची गरज नाही. कोकणकन्या किंवा मांडवीने करमळीला उतरा, जुनं गोवं तिथून जवळ. विमानाने आलात तर मोपा आणि दाबोळी दोन्ही चालतात, तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे तेवढं नीट बघा. मुक्काम पणजीत किंवा रायबंदरला करावा. दिवाडी-चोडणवर काही जुन्या घरांत राहायची सोय होते, ती आवडणाऱ्यांना फार आवडते. रात्री नऊनंतर करायला काही नसतं हे घरातल्या तरुण मंडळींना आधी सांगून ठेवा.

शेवटची फेरी चुकली तर?

चोडणहून घाबरायचं कारण नाही, मयें-डिचोलीकडे पूल आहे, लांबचा वळसा पडेल पण पणजीला पोहोचाल. दिवाडीला पूल नाही. म्हणून जाताना धक्क्यावरच्या माणसाला शेवटची फेरी किती वाजता ते विचारून ठेवा, आणि तिच्या आधीची गाठा.